जुनं कार्पेट आणि टाइल्स मशीनने खरवडायच्या आहेत, कुणी केलंय का?

रानवारा | ४ एप्रिल, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, आम्ही गेल्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीत एडिसनजवळ १९६१ सालचं स्प्लिट लेव्हल घर घेतलंय, घर दणकट आहे पण जमिनींची पार वाट लागलेली आहे. खालच्या फॅमिली रूममध्ये काँक्रीटच्या स्लॅबवर कार्पेट आहे आणि एक कोपरा उचकटून बघितला तर खाली जुन्या चौकोनी टाइल्स निघाल्या. मागच्या बाजूला आधीच्या मालकांनी १९९४ ला वाढवलेली एक खोली आहे, १४ बाय १८ फुटांची, तिथे कार्पेट थेट स्लॅबला गोंदाने चिकटवलेलं आहे, नखाने सुद्धा सुटत नाही. आणि किचनमध्ये व्हिनाइलची शीट.

जूनमध्ये सांगलीहून आईबाबा येतायत सहा महिन्यांसाठी, बाबांना दमा आहे आणि या कार्पेटमध्ये आधीच्या लोकांच्या कुत्र्यांचा वास अजून बसलाय, त्यामुळे ते यायच्या आत मला सगळं काढायचंच आहे. हाताच्या स्क्रेपरने दोन तास घासलं तर जेमतेम पाटाएवढी जागा मोकळी झाली आणि मनगट धरलं. म्हणून आता पुढच्या शनिवारी भाड्याने फ्लोअर स्ट्रिपर मशीन आणून एका वीकेंडला तिन्ही ठिकाणचं खरवडून टाकायचा विचार आहे. कुणी चालवलंय का हे मशीन? पातं कुठलं लावायचं, एकट्याने जमतं का, काय काळजी घ्यायची, सगळं सांगा.

कोकणकडा | ४ एप्रिल, रात्री ११:०५

मी चालवलंय, डॅलसला आमच्या आधीच्या घरात तीन खोल्या केल्या होत्या, ते सगळं लिहितो पण आधी एक सांगा, खाली ज्या टाइल्स निघाल्यात त्या किती इंची आहेत? टेप लावून मोजा आणि इथे लिहा. तोपर्यंत त्या खोलीत काही खरवडू नका प्लीज.

रानवारा | ४ एप्रिल, रात्री ११:३१

आत्ता जाऊन मोजल्या, ९ बाय ९ इंच. करड्या रंगाच्या, मधे पांढऱ्या रेघा. खाली काळं डांबरासारखं काहीतरी आहे. एक टाइल कोपऱ्यात तुटली आहे, मी कार्पेट ओढलं तेव्हाच. काय झालं?

कोकणकडा | ४ एप्रिल, रात्री ११:४४

मशीनचं बुकिंग केलं असेल तर कॅन्सल करा. १९६१ चं घर, ९ इंची टाइल आणि खाली काळा गोंद म्हणजे ॲस्बेस्टॉसची (बारीक तंतूंचं खनिज, श्वासातून गेलं की फुप्फुसांना घातक) शक्यता खूपच जास्त. आहेच असं मी म्हणत नाही, पण टेस्ट केल्याशिवाय त्यावर मशीन अजिबात घालू नका. शेवंतीताई इथे असतात, त्या असले नमुने तपासणाऱ्या लॅबमध्येच काम करतात, त्या नीट सांगतील.

शेवंती | ५ एप्रिल, सकाळी ७:२०

कोकणकडा यांनी वेळेवर थांबवलं हे फार बरं झालं. रानवारा, आधी घाबरू नका, कारण ॲस्बेस्टॉसवाली टाइल जमिनीला धड चिकटलेली असताना तिच्यापासून हवेत काही येत नाही, तिचे तंतू व्हिनाइलमध्ये किंवा डांबरात घट्ट बांधलेले असतात. त्रास सुरू होतो ती टाइल फोडली, घासली, कोरडी खरवडली की, आणि स्ट्रिपर मशीन नेमकं तेच करतं, मिनिटाला हजारो वेळा पातं मागेपुढे करून मालाचा चुरा करतं. या धंद्यातल्या लोकांची जी नियमावली आहे त्यात स्पष्ट लिहिलंय की अशा फ्लोअरिंगवर आणि त्याच्या काळ्या गोंदावर सँडिंग नाही, कोरडं खरवडणं नाही, कोरडा झाडू नाही, मशीनने फोडणं नाही.

डोळ्यांनी बघून कुणालाच सांगता येत नाही, मला पण नाही, आणि मी वीसेक वर्षं हेच करतेय. मायक्रोस्कोपखालीच कळतं. ९ इंची टाइल्समध्ये जास्त वेळा सापडतं पण १२ इंचींमध्येही असतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जुन्या व्हिनाइल शीटच्या पाठीला जो करडा कागदासारखा थर असतो तो, त्यात कधीकधी निम्म्याहून जास्त ॲस्बेस्टॉस असतं आणि तो हाताने चुरडला जातो. म्हणजे तुमच्या किचनच्या शीटचा पण नमुना घ्यायलाच हवा.

सगळ्यात बरं म्हणजे नमुना घ्यायला माणूस बोलवा. स्वतःच घेणार असाल तर हीटिंग किंवा एसी बंद, मुलं खोलीबाहेर, हातमोजे आणि पी-१०० फिल्टरचा रेस्पिरेटर, साधा मास्क चालत नाही. पाण्यात दोन थेंब भांडी घासायचा साबण घालून तुटलेल्या टाइलवर स्प्रे मारा, ओलं असतानाच रुपयाएवढा तुकडा झिपच्या पिशवीत, गोंद वेगळ्या पिशवीत, शीट पाठीसकट तिसऱ्या पिशवीत. ती जागा ओल्या कागदाने पुसा, कागद पण पिशवीत बंद करून टाका आणि वर टेप लावून ठेवा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर तिथे लावू नका, त्याच्या फिल्टरमधून बारीक तंतू आरपार जाऊन अख्ख्या घरात पसरतात.

कालचं जे तुटलं त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका, एका टाइलने आयुष्याचं वाटोळं होत नाही. पण शनिवारी मशीन चाललं असतं ना, तर ती धूळ जूनमध्ये तुमच्या बाबांच्या खोलीत असती.

दगडफूल | ५ एप्रिल, सकाळी ९:५२

मला वाटतं अमेरिकेत राहून लोक जरा जास्तच घाबरतात. आम्ही २०११ ला आमच्या घरातल्या असल्याच टाइल्स हातोडी-छिन्नीने काढल्या, मी आणि माझा मेव्हणा, दोन दिवसांत काम खलास, आजपर्यंत कुणाला साधा खोकला नाही. टेस्टिंग आणि ती पांढरे डगले घातलेली माणसं म्हणजे नुसता खर्च. आणि ॲस्बेस्टॉसवर कधीच बंदी आली ना, मग एवढं कुठून येतंय?

शेवंती | ५ एप्रिल, दुपारी १:१५

दगडफूल, तुम्हाला काही होऊ नये हीच इच्छा आहे आणि एकदा केलेल्या कामाने बहुतेकांना होत नाही हेही खरं आहे. पण "खोकला नाही" हा पुरावा होत नाही, कारण ॲस्बेस्टॉसचे आजार १० ते ४० वर्षांनी डोकं वर काढतात, त्यात लगेच खोकला, डोळे चुरचुरणं असं काही होतच नाही, म्हणून तर माणूस गाफील राहतो. माझ्याकडे नमुने घेऊन येणारे जुने फ्लोअरिंगवाले आहेत, त्यांच्या काळात कुणी त्यांना हे सांगितलंच नाही आणि त्यातल्या काहींची फुप्फुसं आज कामातून गेली आहेत, त्यांना बोलताना मधेच थांबून श्वास घ्यावा लागतो. मला ते बघवत नाही म्हणून मी इथे एवढं लांब लिहिते.

बंदीचं म्हणाल तर १९८९ ला ईपीएने, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, जवळजवळ सगळ्या वस्तूंवर बंदी आणली होती, १९९१ ला कोर्टाने त्यातला मोठा भाग रद्द केला, फ्लोअरिंगच्या पाठीचा फेल्ट आणि आणखी काही मोजक्या गोष्टींवरची बंदी तेवढी टिकली. ॲस्बेस्टॉसचा सर्रास वापरला जाणारा जो क्रायसोटाइल प्रकार आहे त्यावरची बंदी थेट मार्च २०२४ मध्ये आली. आणि बंदी नव्या मालावर असते हो, १९६१ ला घातलेली जमीन बंदी आली म्हणून उठून जात नाही.

नदीकाठ | ५ एप्रिल, दुपारी ४:४०

+१ शेवंतीताई. आम्ही इंग्लंडमध्ये आहोत, इथे १९९९ ला पूर्ण बंदी आली तरी जुन्या काउन्सिलच्या (सरकारी) घरांत अजून ९ इंची टाइल्स आणि काळा बिट्युमेन निघतो. आमच्याकडच्या सर्व्हेयरने सांगितलं की धड आहेत तर छेडू नका, वरून नवीन जमीन घाला आणि घराच्या कागदपत्रांत लिहून ठेवा की खाली काय आहे, म्हणजे पुढच्या माणसाला कळेल. आम्ही तसंच केलं, सहा वर्षं झाली.

पाणपोई | ६ एप्रिल, सकाळी ११:१८

धाग्यात घुसतेय, सॉरी, पण माझा प्रश्न याच्या जवळचाच आहे. सदाशिव पेठेत आईचा फ्लॅट आहे, १९७४ ची बिल्डिंग, मूळची मोझॅकची फरशी. २००६ ला त्यावर पीव्हीसीचं लाकडासारखं दिसणारं फ्लोअरिंग चिकटवून घेतलं, ते आता कडेने उचकटलंय आणि आईचा पाय दोनदा अडकला. काँट्रॅक्टर म्हणतो ब्रेकर मारून पीव्हीसी आणि मोझॅक दोन्ही काढून टाकू, व्हिट्रिफाइड टाकू. आईला मोझॅक परत हवी आहे. मशीनने नुसतं वरचं पीव्हीसी निघेल का, मोझॅकला धक्का न लावता?

सातपुडा | ६ एप्रिल, रात्री ९:०३

पाणपोई, ब्रेकर आणू देऊ नका! मी नाशिकला इंटिरियरची कामं करतो, चाळीस-पन्नास वर्षांची मोझॅक म्हणजे सोनं आहे, ती एकदा फुटली की तशी परत मिळत नाही. शिवाय ब्रेकर चालला की खालच्यांच्या स्लॅबला हादरे, प्लास्टर पडलं तर भांडण, आणि मलबा खाली उतरवायचा खर्च वेगळा.

पीव्हीसी बहुतेक एसआर (सिंथेटिक रबर) गोंदाने चिकटवलेलं असणार, पिवळट रबरासारखा असतो तो. हीट गनने थोडं कोमट करा, नुसतं मऊ होईपर्यंत, काळं पडू देऊ नका कारण पीव्हीसी करपलं की त्यातून ॲसिडचा धूर निघतो, खिडक्या सताड उघड्या ठेवा. मग पट्ट्या कापून ओढायच्या. जो गोंद राहील त्याला ऑसिलेटिंग मल्टीटूल घ्या, हातात मावणारं मशीन असतं, त्याला रुंद बिनदातांचं स्क्रेपर पातं लावायचं आणि अगदी आडवं धरायचं, जवळजवळ फरशीला टेकवून. उभं धरलं की मोझॅकवर ओरखडे. आधी दाराच्या मागे एक फूट जागा करून बघा.

एक फार महत्त्वाचं, गोंदाचे डाग काढायला कुणी संडास धुवायचं ॲसिड सुचवेल, ते लावू नका, मोझॅकमध्ये संगमरवराची खडी आणि सिमेंट असतं, दोन्ही ॲसिडने खाल्लं जातं, फरशी कायमची निस्तेज होते.

रानवारा | १५ एप्रिल, रात्री ८:४५

मंडळी, रिपोर्ट आला. फॅमिली रूमची टाइल ३ टक्के क्रायसोटाइल, काळा गोंद ५ टक्के. किचनच्या शीटमध्ये काही नाही, ती बहुतेक नव्वदच्या दशकातली निघाली. मागच्या खोलीच्या गोंदाचा नमुना पण दिला होता, त्यातही काही नाही.

पीडीएफ उघडून आम्ही दोघं काही वेळ नुसते बसून राहिलो. इथे १ टक्क्याच्या वर असलं की तो ॲस्बेस्टॉसचा माल धरतात. चार तारखेला मी इथे लिहिलं नसतं तर बारा तारखेला मशीन आणून मी ते सगळं भुगा करून घरभर उडवलं असतं, आणि खालच्याच खोलीत आमची दीड वर्षांची मुलगी रांगते. कोकणकडा, शेवंतीताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

आता ठरलंय असं, की फॅमिली रूमचं कार्पेट लायसन्सवाल्या माणसांकडून काढून घेतलं, ते झालंही काल, टाइल्स जागच्या जागी ठेवायच्या आणि त्यावर न चिकटवता क्लिकने बसणाऱ्या व्हिनाइलच्या फळ्या घालायच्या. किचनमध्ये शीटसकट खालचा पातळ प्लायच उचलून काढणार. मागच्या खोलीला मात्र मशीन लागणारच, तर आता सांगा कसं चालवायचं.

कोकणकडा | १५ एप्रिल, रात्री १०:३०

जीव भांड्यात पडला. आता मनमोकळं लिहितो.

मशीन दिसायला लॉनमोअरच्या जातीचं, पुढे ८ इंची पातं, ते गोल फिरत नाही, जागच्या जागी मागेपुढे थरथरतं. पात्याला एका बाजूने उतार दिलेला असतो, आणि सगळी गंमत तो उतार कुठे तोंड करतो यात आहे. काँक्रीटवर उतार वर, लाकडावर उतार खाली. लाकडावर उलटं लावलं तर पातं फळीत घुसतं, काँक्रीटवर उलटं लावलं तर नुसतं वरून घसरत जातं. दुकानवाले हे सांगतीलच असं नाही.

कार्पेट आधी कटरने ६-७ इंची पट्ट्यांत कापून घ्या, पात्यापेक्षा थोडं अरुंद, अख्ख्या कार्पेटखाली मशीन घालायला गेलात तर ते सगळं गोळा होऊन पुढे ढीग होतो आणि मोटर रडायला लागते. कडेच्या खिळ्यांच्या पट्ट्या आधी पहारीने काढा. पाती जास्त घ्या, मी ३ घेतली आणि दुपारी परत दुकानात पळालो. बोथट पात्याने काम करणं म्हणजे चमच्याने नारळ खरवडणं. एक्स्टेंशन वायर जाड, १२ गेजची, पातळ वायर गरम होते. कानाला मफ्स लावाच, बंद खोलीत आवाज कवटीत जातो. आणि एकट्याने नको, एक जण चालवायला, एक जण पट्टी ओढायला.

शेवंती | १६ एप्रिल, सकाळी ७:०५

यात एक भर. ॲस्बेस्टॉस नाही म्हणजे धूळ निरुपद्रवी असं नाही. पातं काँक्रीटला घासलं की सिलिकाची बारीक धूळ उडते, तीही फुप्फुसांना वाईटच, त्यामुळे रेस्पिरेटर काढायचा नाही. गोंद राहिला म्हणून ग्राइंडर लावायचा मोह झाला तर व्हॅक्यूमला जोडलेलाच लावा.

रानवारा | २७ एप्रिल, रात्री ९:५०

झालं एकदाचं. सविस्तर लिहितोय, पुढच्या कुणाला उपयोग होईल.

शनिवारी सकाळी ८ ला २४ तासांसाठी मशीन आणलं, गाडीत चढवायला दोन माणसं लागली. मशीनवर जे पातं होतं ते बोथट तर होतंच वर उलटं लावलेलं होतं, कोकणकडांनी लिहिलं नसतं तर मला कळलंही नसतं, सुरू केलं तर बर्फावरून गेल्यासारखं नुसतं पुढे घसरत गेलं आणि कार्पेट तसंच. बंद करून प्लग काढला, पातं फिरवलं, नवीन लावलं, आणि परत सुरू केलं तर काय सांगू, साय निघावी तसं कार्पेट वर यायला लागलं. बायको पट्टीचं टोक धरून मागे मागे आणि मी मशीन पुढे पुढे. पहिली ३ फुटांची पट्टी सुटली तेव्हा खाली गोंदाच्या कंगव्यासारख्या रेघा दिसल्या, अर्धवर्तुळं अर्धवर्तुळं, १९९४ ला कुणीतरी गुडघ्यावर बसून हाताने थापीने ओढलेल्या, प्रत्येक अर्धवर्तुळ एका हाताच्या पोचेएवढं. दोन मिनिटं मशीन बंद करून बघत बसलो.

ढकलायची गरज नसते, वजन मशीनचंच आहे. हँडल किंचित वर-खाली केलं की पात्याचा कोन बदलतो. पहिल्या फेरीत कार्पेट निघालं पण पाठीचा फोम चिकटून राहिला, त्याला दुसरी फेरी कोन कमी करून मारली. मला वाटत होतं जोर लावला की निघेल, पण जोर लावला की पातं उड्या मारतं आणि स्लॅबला खाचा पडतात, दोन पडल्या आहेत. पातं बोथट झालं की मशीनचा आवाजच बदलतो, खरखर जाऊन नुसती घरघर येते, तेव्हा लगेच बदलायचं. २५२ चौरस फुटांना ६ पाती लागली. दुपारी ४ पर्यंत मोकळी जमीन. कोपरे आणि हीटरच्या खालची जागा हातानेच करावी लागली, तिथे मशीन पोचत नाही.

आता प्रश्न असा, गोंदाचा पातळ पापुद्रा राहिलाय, पिवळा, तो काढू का?

सातपुडा | २८ एप्रिल, सकाळी ८:१०

न चिकटवता फळ्या घालणार असाल तर हाताला उंचवटा लागत नाही एवढं पुरे, पापुद्रा राहू द्या. नवीन काही चिकटवणार असाल तर मात्र काढावा लागेल, आणि सोयावाला रिमूव्हर वापरलात तर नंतर जमीन साबणाने दोनदा धुवा, त्याचा तेलकटपणा राहिला की नवीन गोंद धरत नाही. त्याआधी ओल बघा. १८ बाय १८ इंचाचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून १६ तास तरी ठेवा, खाली दव धरलं किंवा काँक्रीट काळवंडलं तर आधी ओलीचं बघायचं, मग जमीन.

रानवारा | २९ एप्रिल, रात्री ९:१५

प्लॅस्टिक दोन ठिकाणी लावलं होतं, दोन्ही कोरडी निघाली. पुढच्या शनिवारी फळ्या घालायला घेतोय. फॅमिली रूमच्या टाइल्सचा फोटो, लॅबचा रिपोर्ट आणि खोलीचा नकाशा एका पाकिटात घालून इलेक्ट्रिकच्या पॅनलच्या दारावर आतून चिकटवलाय, नदीकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे.

पाणपोई | ११ मे, दुपारी ३:२२

माझंही झालं, सातपुडा दादा तुमच्यामुळे. त्या काँट्रॅक्टरला नाही म्हटलं, भाचा आणि मी दोघांनी चार रविवार बसून केलं. हीट गन, पट्टी ओढायची, मग मल्टीटूल आडवं धरून. मोझॅक हिरवट पांढरी आहे, मला रंगच आठवत नव्हता! स्वयंपाकघरात ओट्याजवळ एका फरशीला बोटाएवढा टवका आहे, आई खुर्चीवरून बघत होती, ती लगेच म्हणाली, हा खलबत्ता पडला होता तेव्हाचा, तू तेव्हा बालवाडीत होतीस.

पॉलिशवाला सोमवारी येतोय. तो म्हणतो ६० नंबरच्या (जाड दाण्याच्या) दगडापासून सुरू करू, मला ते जास्त वाटतंय, फरशी फार घासली जाईल का?

सातपुडा | ११ मे, संध्याकाळी ७:४०

वा वा, फार छान काम केलंत. फरशी सपाट असेल, नुसती मळकट आणि निस्तेज असेल तर ६० नको, मोझॅकचा वरचा खडीचा थर पातळ असतो, उगाच खाऊ देऊ नका. १२० ने सुरू करा, मग २२०, ३२०, शेवटी ऑक्झॅलिकचा हात. ते पण ॲसिडच आहे पण पॉलिशवाला चिमूटभर टाकून लगेच घोटतो, त्याला घाबरू नका, फक्त नंतर भरपूर पाण्याने धुऊन घ्या. ओट्याजवळचा टवका तो पांढऱ्या सिमेंटमध्ये रंग घालून भरून देईल, पण आईंना विचारून. आणि घासताना जो करडा चिखल निघतो तो बाथरूमच्या जाळीत सोडू देऊ नका, आत जाऊन सिमेंटसारखा बसतो आणि अख्ख्या बिल्डिंगची लाइन तुंबते, बादल्यांत भरून रात्रभर निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं आणि खालचा गाळ पोत्यात.

पाणपोई | ११ मे, रात्री ८:०५

टवका भरायचा नाही असं आईने आत्ताच बजावलंय. १२० चं सांगते त्याला. बादल्या तीन आहेत घरात, शेजारच्या काकूंकडून अजून दोन आणते.